स्पीकरमधलं घूंऽऽऽ कुठून येतं?

दोस्तांनो, घरी जुळवलेला कॉम्प्युटर ज्यांच्याकडे आहे त्यांनी आज जरा कान टवकारा. गेम सुरू नाही, गाणं सुरू नाही, माऊसला हातही लावलेला नाही. आणि तरीही स्पीकरमधून ‘घूंऽऽऽ’ असा आवाज येतोय. येतोय ना? मग तुम्ही काय करता? गेमचा आवाज एवढा वाढवता की ते घूं ऐकूच येऊ नये! (मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, तो त्याहून मोठा असतो.) चार दिवसांनी बाबांपुढे मागणी जाते, ‘‘नवे स्पीकर पाहिजेत.’’

थांबा. नवे स्पीकर आणले तरी ते घूं बऱ्याचदा जागच्या जागीच राहतं. कारण ते स्पीकरचं नसतंच मुळी. ते घराच्या भिंतीतून, कधी कधी तर अंगणातल्या जमिनीतून आलेलं असतं! बारामती-इंदापूरच्या मातीचा आणि गेमिंग पीसीचा काय संबंध, असं वाटलं ना? तिथे पोचूच. पण आधी पेटी उघडू या.

कंपनीने बंद डब्यात दिलेला तयार कॉम्प्युटर आणि सुटे भाग आणून जुळवलेला ‘असेंबल्ड’ कॉम्प्युटर, असे दोन प्रकार आपल्याकडे १९९० च्या दशकापासून चालत आले. सुट्या भागांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. बारामती पुण्यापासून शंभर किलोमीटरांच्या आसपास, इंदापूर त्याहून लांब. सकाळच्या एसटीने जायचं, दहा दुकानं पालथी घालायची आणि खोकं मांडीवर सांभाळत परत यायचं, अशी ती मोहीम असे. आता भाग कुरिअरने वाडीवस्तीवरही पोचतात. तेवढं सोडलं तर खेळ तोच. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस आणि गेमसाठी ग्राफिक्स कार्ड आणा, स्क्रू पिळा, चालू करा.

‘असेंबल्ड’ म्हणजे दुय्यम, असं काही मोठी माणसं नाक मुरडून म्हणतात. त्यांना ‘परम’ची आठवण करून द्या. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेची स्थापना १९८८ मध्ये झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. अमेरिका हवा तसा महासंगणक द्यायला तयार नव्हती, तेव्हा बाजारात मिळणारे ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे पुष्कळ प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांनी तो उभा केला. जुळवाजुळव ही हलकी विद्या नाही, बरं का!

मात्र ज्याने जुळवलं त्यालाच दुरुस्तही करावं लागतं. इथे एकच नियम पाळायचा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते वहीत लिहा. रॅमही काढली, केबलही बदलली, विंडोजही नव्याने टाकली आणि कॉम्प्युटर चालू झाला, तर दोष कशात होता ते कळणार कधी? डॉक्टर पाच औषधं देतात तसं इथे करायचं नाही.

नेहमीचं दुखणं घ्या. बटण दाबलं, पंखे फिरले, पण पडदा काळाच. दहापैकी निम्म्या वेळा तरी ही रॅमची खोडी असते, असा दुरुस्ती करणाऱ्यांचा अनुभव. तिच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात, त्यांच्यावर हवेतला ओलावा आणि मळ यांचा पातळ थर बसतो. वायर बोर्डातून उपसून टाका, रॅम अलगद काढा, तुमच्या कंपासमधलं पांढरं खोडरबर पट्ट्यांवर हलक्या हाताने फिरवा, कण झटका आणि दोन्ही बाजूंची खिट्टी ‘टक’ वाजेपर्यंत दाबून बसवा. महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर ते खोडरबर असतं. बोर्डावर छोटा स्पीकर असेल तर चालू होताना तो ‘पीप’ करतो. एक छोटा पीप म्हणजे बहुतेक बोर्डांवर सगळं ठीक. लांबलचक किंवा सारखे सारखे पीप म्हणजे तक्रार. कोणत्या पीपचा अर्थ काय ते बोर्डाच्या पुस्तिकेत असतं, आणि ती पुस्तिका नेमकी आपण खोक्याबरोबर रद्दीत दिलेली असते.

घड्याळ रोज मागे जातंय, तारीख चुकतेय? मग बोर्डावरची नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली. तिच्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. घड्याळाच्या दुकानातही मिळते, त्यासाठी पुण्याला जायला नको.

गेम सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनीच मशीन बंद पडत असेल तर उष्णतेचा संशय घ्या. आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीला टेकलेली असते. प्रोसेसरला गार करायला गार हवा आणायची कुठून? त्यात धूळ. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर अशा कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांना गळिताच्या हंगामात गच्चीवर वाळत टाकलेल्या कपड्यांवर पडणारी काजळी ठाऊक असेल. तीच काजळी कॅबिनेटच्या पंख्यातून आत ओढली जाते आणि प्रोसेसरवरच्या पत्र्यांच्या फटीत नमदा होऊन बसते. ती मऊ ब्रशने झाडा. झाडताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नुसत्या हवेने ते गरगर फिरू देऊ नका. प्रोसेसर आणि पत्रे यांच्यातला पांढरा लेप वाळून खडू झाला असेल तर पुसून वाटाण्याएवढा नवा लावा. पण एसएमपीएसची पेटी मात्र उघडायची नाही. बाबांनीही नाही! वायर काढल्यावरही तिच्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टांहून जास्त दाब काही काळ साठून राहू शकतो.

आता त्या घूंकडे वळू.

आवाजाच्या दुखण्यात गंमत अशी की ते स्वतःच आपलं नाव सांगतं. नीट ऐका फक्त. आवाजाचं बटण फिरवताना ‘खर्रर्र’ होतंय? बटणाच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आहे. स्पीकर बंद करून बटण वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवलं तरी बऱ्याचदा काम भागतं. मधूनच ‘टर्र टर्र टिरिक’? स्पीकरशेजारी आजोबांचा साधा मोबाईल ठेवलाय, तो उचला. माऊस हलवला किंवा गेममध्ये स्फोट झाला की बारीक ‘कींऽऽ’? तो मदरबोर्डावरच्या विजेचा कलकलाट आहे. ग्राफिक्स कार्ड दमलं की वाढतो. आवाजाचा भाग त्याच बोर्डाच्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसवलेला असतो, त्याला शेजाऱ्यांची भांडणं ऐकू येणारच. यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड घेऊन आवाज पेटीच्या बाहेर तयार केला की कीं बहुधा जाते.

आणि जाड, संथ, न थकणारं ‘घूंऽऽऽ’? ते विजेचं स्वतःचं गाणं आहे. आपल्याकडच्या घरगुती विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावतो. म्हणून त्या आवाजाची पट्टी ५० हर्ट्झ. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा खर्जातला सा सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. हे त्याच्याही खाली. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथले स्पीकर थोड्या वरच्या सुरात घुमतात! आपला सूर मात्र सगळीकडे एकच, आणि त्यात आपल्या शेजारच्या जिल्ह्याचा हात आहे. देशाच्या दक्षिण भागाचं विजेचं जाळं पूर्वी वेगळ्या चालीने चालायचं. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि सगळ्या देशाची जाळी एका तालात आली. तुमच्या खोलीतलं घूं आणि चेन्नईतल्या एखाद्या मुलाच्या खोलीतलं घूं त्या क्षणी अगदी एकाच तालात असतं. या तालात किंचित कमीजास्त होत राहतं, आणि ध्वनिमुद्रणात पकडलं गेलेलं ते घूं तपासून मुद्रण कधीचं आहे ते शोधण्याचं तंत्र गुन्हेतपासातही वापरलं जातं.

असो. ते घूं आत शिरलं कुठून? एक सोपी तपासणी करा. स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढून, चार्जरला न लावलेल्या मोबाईलला जोडा. (मोबाईलला ते भोक नसेल तर जोडणी मिळते.) मोबाईलवर घूं तसंच राहिलं, तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या अँप्लिफायरचा. घरी जुळवलेल्या अँप्लिफायरमध्ये १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर आणि त्यापुढे वीज सपाट करणारा मोठा कपॅसिटर असतो. तो उन्हाळ्यांनी वाळला, डोकं फुगलं, की १०० हर्ट्झचं, जरा चढं घुमणं सुरू होतं. दहा अंश तापमान वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. दुकानदार तो बदलून देईल.

पण मोबाईलवर सगळं शांत, आणि पिन पुन्हा कॉम्प्युटरला लावताच घूं हजर? मग आणखी एक गोष्ट आठवून पाहा. अनवाणी पायाने फरशीवर उभं असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारखं झिणझिणतं का? ‘हो’ म्हणत असाल, तर हा लेख आत्ता आई-बाबांना वाचायला द्या. प्रश्न आता आवाजाचा राहिलेला नाही.

झालंय असं. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन चिमुकले कपॅसिटर विजेच्या दोन्ही तारांपासून पत्र्याला जोडलेले असतात. विजेतला कचरा पत्र्यावर आणायचा आणि तिथून अर्थिंगच्या तारेने जमिनीत सोडायचा, हे त्यांचं काम. पण भिंतीतल्या बोर्डाला अर्थिंगच नसेल तर तो कचरा जाणार कुठे? पत्रा अधांतरी राहतो, त्याच्यावर २३० व्होल्टांच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टांचा दाब येतो. प्रवाह अगदी थोडा, एक मिलीअँपिअरहूनही कमी, म्हणून नुसत्या मुंग्या. स्पीकरच्या वायरचं बाहेरचं जाळीदार वेष्टन त्याच पत्र्याला जोडलेलं. त्यातून हेलकावे थेट अँप्लिफायरमध्ये. झालं घूं सुरू! आज एवढंच. पण उद्या आतली एखादी वायर उंदराने कुरतडली आणि उघडी तार पत्र्याला टेकली, तर पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर येतील आणि जमिनीत जायला त्यांना वाट एकच असेल : ज्याने हात लावला त्याच्या शरीरातून. अर्थिंग नीट असतं तर त्याच क्षणी मोठा प्रवाह जमिनीकडे धावला असता आणि फ्यूज उडाला असता.

थ्री पिनची वरची पिन पाहिलीत? ती बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. जाड अशासाठी की ती दुसऱ्या भोकात जाऊच नये. लांब अशासाठी की बोर्डात शिरताना सगळ्यात आधी तिने जमिनीशी नातं जोडावं आणि निघताना सगळ्यात शेवटी सोडावं. आता सांगतो ते मात्र पक्कं ध्यानात ठेवा. घूं घालवायचा एक ‘उपाय’ काही अर्धवट मिस्त्री सांगतात. थ्री पिनची जाड पिन तोडा किंवा टू पिनची टोपी चढवा. काही घरांत त्याने आवाज खरोखरच बंद होतो! पण तुमच्या आणि २३० व्होल्टांच्या मधला पहारेकरीही त्याबरोबर जातो. हे कुणी करू लागलं तर हात धरा, मग तो मामा असो नाहीतर काका.

पिन तोडल्यावर आवाज का थांबतो? कारण घूंचा दुसरा एक प्रकार आहे. तिथे अर्थिंग असतं, पण एकाऐवजी दोन ठिकाणी. कॉम्प्युटर तुमच्या खोलीतल्या बोर्डावर, अँप्लिफायर हॉलमधल्या बोर्डावर, नाहीतर टीव्हीमार्गे गच्चीवरच्या डिशला जोडलेला. दोन्ही ठिकाणच्या जमिनीचा दाब अगदी सारखा नसतो. तो थोडासा फरक मिटवायला प्रवाह तुमच्या स्पीकरच्या वायरमधूनच वाहू लागतो, विहिरींना जोडणारी चारी काढली की पाणी वाहतं तसा. याला तोड साधी आहे. कॉम्प्युटर आणि अँप्लिफायर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची काडेपेटीएवढी डबी मिळते. तिच्यात तारेची दोन वेटोळी एकमेकांना न चिकटता शेजारी बसलेली असतात, आवाज पलीकडे जातो आणि तो नको असलेला प्रवाह अलीकडेच अडतो. आणि एक खूण : वीज गेल्यावर घर इन्व्हर्टरवर गेलं की घूं एकदम कर्कश होत असेल, तर इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा आहे. भारनियमनाच्या काळात घेतलेले कितीतरी जुने इन्व्हर्टर तसलेच होते.

आता मातीकडे येऊ. अर्थिंग म्हणजे घराबाहेरच्या खड्ड्यात पुरलेला पत्रा किंवा पाइप. त्याच्याभोवती मीठ आणि कोळशाचे थर असतात. वीज जमिनीत पसरते ती मुख्यतः मातीतल्या पाण्याच्या जोरावर. त्या पाण्यात विरघळलेले क्षार तिला वाहून नेतात. कोरडी माती वीज जवळजवळ नेतच नाही. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. नीरा डाव्या कालव्याचा बागायत पट्टा आणि उजनीच्या फुगवट्याचा काठ सोडला, तर जिरायत भागातल्या मुरमात मे महिन्यात ओल कुठली? काळ्या जमिनीत वेगळीच अडचण. ती वाळली की आकसते, तिला भेगा पडतात आणि पुरलेल्या पाइपाशी तिची पकडच सुटते. म्हणजे जूनपासून दिवाळीपर्यंत चांगलं असलेलं अर्थिंग उन्हाळ्याच्या सुट्टीत, नेमकं तुम्ही दिवसभर गेम खेळत असता तेव्हा, दुबळं झालेलं असू शकतं.

ते तपासणं हे वायरमनचं काम, तुमचं नाही. पण त्याला बोलवायला लावणं तुमचं. बोर्डापर्यंत अर्थिंगची तार आली आहे का, खड्डा जिवंत आहे का, हे तो पाहील. त्याच वेळी मीटरजवळ आरसीसीबी बसवून घ्या. ३० मिलीअँपिअर प्रवाह वाट चुकून गळू लागला की ती डबी डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडते. ग्राफिक्स कार्डाच्या मानाने तिची किंमत किरकोळ आहे, हे बाबांना सांगायला हरकत नाही.

हे झालं की मग खुशाल अपग्रेडचं बोला. आणि इथे मी मुलांच्या नाही, पालकांच्या बाजूने आहे! पहिली मागणी नेहमी महागड्या ग्राफिक्स कार्डाची असते. पण आधी कुठे अडतंय ते बघा. कॉम्प्युटर उघडायलाच चहा उकळेल एवढा वेळ लागतो? मग जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा. हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारते, तरी हवी ती माहिती सुईखाली यायला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा वेळ पुरतो. ८ जीबीची एकच रॅम असेल तर तशीच दुसरी आणून पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेत जोडीने बसवा; प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. डीडीआर ३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, दाबून बसवाल तर रॅमही जाईल आणि बोर्डही. ग्राफिक्स कार्ड शेवटी, आणि त्याच्याआधी एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं असलं तरी भरवसा ठेवू नका. तो मेला तर एकटा मरत नाही, जाताना शेजारचे भागही नेऊ शकतो.

मशीन फार जुनं असेल तर खर्चाआधी एक विचारा. विंडोज १० ला मिळणारी कंपनीची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. तिथे नवं ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडक्या वाड्याला संगमरवरी उंबरठा.

आवाजाचं अपग्रेड मात्र स्वस्तात होतं. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीला नुसतं ‘पीप’ करता यायचं. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ कार्ड आणलं आणि गेमना कंठ फुटला. मग आपल्याकडे सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि दोन स्पीकर असं ‘मल्टिमीडिया किट’ विकलं जाऊ लागलं; ज्याच्या घरी ते आलं त्याच्या घरी गल्ली गोळा व्हायची. आता ते सगळं मदरबोर्डातच असतं. स्पीकरची पिन हिरव्या भोकात, गुलाबीत नाही, गुलाबी माईकचं. स्पीकर कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवाल तर धडधड फुगते आणि पावलांचे आवाज बुडतात, म्हणून वीतभर पुढे ओढा आणि तुमच्या कानांच्या उंचीवर, तुमच्याकडे तोंड करून ठेवा. याला एक रुपयाही लागत नाही.

राहिला अर्थिंगचा खड्डा. होळी झाली की त्याच्यावर आठवड्याला दोन बादल्या पाणी घालत जा. भांडी विसळलेलं पाणीही चालतं.